युवक शिबिर निवासी ठेवायचं की चर्चच्या हॉलमध्येच घ्यायचं?

शेवगावकर | १० एप्रिल, रात्री ९:४०

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या तरुण संघाचं शिबिर दरवर्षी मे महिन्यात असतं. चार मुक्काम, गावाबाहेर, आसपासच्या खेड्यांतल्या सगळ्या चर्चमंडळ्यांची मुलंमुली मिळून. यंदा कमिटीच्या बैठकीत विषय निघाला की हे बंद करून चर्चच्या हॉलमध्येच तीन दिवस सकाळी नऊ ते एक घ्यावं. पोरं जेवायला आणि झोपायला आपापल्या घरी. कारणं तीन दिली गेली. एक, खर्च. दोन, नीट-सीईटीच्या क्लासमुळे पालक चार दिवस सोडत नाहीत. तिसरं कारण आमच्या एका ज्येष्ठ पंचांनी मांडलं आणि ते मला लागलं. ते म्हणाले, "शेकोटीपाशी रडून समर्पण करणारी पोरं जूनमध्ये उपासनेला दिसत नाहीत. मग एवढा खटाटोप कशासाठी?"

माझं मत निवासी शिबिराच्या बाजूनं आहे. महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती १ टक्क्याहून कमी. शहरात ते जाणवत नाही, पण आमच्याकडे एखाद्या वाडीवर ख्रिस्ती घरं चार, वर्गात ख्रिस्ती मूल एक. नाताळला वर्गात सगळे त्याच्याकडे बघतात आणि बाकी वर्षभर तो गप्प असतो. शिबिरात पहिल्यांदा त्याला त्याच्यासारखी शंभर पोरं दिसतात. सकाळी नऊ ते एकच्या हॉलमध्ये हे कसं व्हायचं? खेड्यातली मुलं तर एसटीच्या वेळेमुळे पोहोचणारही नाहीत.

पण पंचांच्या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नाही. म्हणून इथं विचारतो. तुमच्या शिबिरातून तुमच्यात काय टिकलं? आणि काय टिकलं नाही? खरं लिहा. पुढच्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची बैठक आहे.

कोल्हापूरकर | १० एप्रिल, रात्री १०:०५

आमच्यात टिकला तो शेवटच्या रात्रीचा तांबडा रस्सा! तीन दिवस वांगं-बटाटा खाल्ल्यावर त्या रश्श्याला जी प्रार्थना व्हायची, तेवढी मनापासूनची प्रार्थना मी नंतर कुठल्याच उपासनेत ऐकली नाही. निवासीच ठेवा बघा. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता गाडी चालवायचीय.

मीरा_मिरज | ११ एप्रिल, सकाळी ७:१५

शेवगावकर दादा, मी नर्स आहे. मुलींच्या गटाची गटप्रमुख म्हणून बरीच वर्षं शिबिरांना जाते. माझा अनुभव असा की मुली खरं बोलतात ते रात्री. सत्रात वक्त्यानं विचारलं, "कुणाला काही शंका?" तर सगळ्या माना खाली. मग रात्री दिवे मालवले की अंधारातून कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, एक विचारू?" आणि तासभर बोलणं चालतं. बाबा पितात, आई रोज रडते, मग प्रार्थना ऐकली जाते का? वर्गातला एक मुलगा आवडतो, तो आपल्यातला नाही, हे पाप आहे का? बारावीत नापास झाले तर देव नाराज होईल का?

या प्रश्नांसाठी मुलींना घरी माणूस नसतं. मंडळीत असतं, पण तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. हॉलमध्ये तीन दिवस भरवाल तर सत्रं होतील, गाणी होतील, वचन पाठांतराची बक्षिसंही होतील. ती रात्र मात्र होणार नाही. माझ्या मते शिबिराचं अर्धं काम त्या रात्री होतं.

निरंजन_पुणे | ११ एप्रिल, दुपारी १२:३०

खरं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

मी नववीत असताना एका निवासी शिबिराला गेलो होतो. नाव लिहीत नाही. शेवटच्या रात्री शेकोटी. कीबोर्डवर हळू सूर, सगळ्यांचे डोळे मिटलेले. वक्ते म्हणाले, "आज रात्री मेलास तर कुठं जाशील? ज्याला खात्री नाही त्यानं हात वर कर." आजूबाजूला रडण्याचा आवाज. माझा हात वर जाईना, कारण मला त्या क्षणी भीतीशिवाय काही वाटत नव्हतं. गटप्रमुख माझ्याजवळ येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागले आणि मी हात वर करेपर्यंत थांबले नाहीत. मग मी केला. दुसऱ्या दिवशी मंडळीसमोर माझं नाव तारण पावलेल्यांत वाचलं गेलं.

त्यानंतर अनेक वर्षं मला चर्चची पायरी चढताना पोटात गोळा यायचा. येशूवरचं माझं प्रेम गेलं नाही. पण ते त्या रात्रीमुळे टिकलं नाही, ते माझ्या आजीमुळे टिकलं. ती रोज पहाटे चुलीपुढं बसून स्तोत्रं म्हणायची, आम्हाला कधी काही विचारायची नाही.

मूल घरापासून लांब, झोप अपुरी, दिवसभर गाणी आणि भाषणं, आजूबाजूला शंभर जण एकच गोष्ट करताहेत. अशा वेळी त्याच्याकडून आयुष्यभराचा निर्णय मागणं मला अन्याय वाटतो. तुमचे पंच जे म्हणतात ना, जूनमध्ये पोरं दिसत नाहीत, त्यातल्या काहींचं कारण हे असू शकतं. त्यांना आळस आलेला नसेल, त्यांना लाज वाटत असेल.

पाळक_विदर्भ | ११ एप्रिल, रात्री ८:५०

निरंजनभाऊ, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक शिबिर घेणाऱ्यानं वाचावं. मी पाळक आहे, शिबिरंही घेतो, आणि असं घडताना मी पाहिलं आहे.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात, म्हणजे त्या बोधकथेत, प्रभूनं हे आधीच सांगून ठेवलंय नं. खडकाळ जमिनीवरचं बी लगेच उगवतं, मूळ नसल्यानं उन्हात करपतं. आम्ही त्या लगेच उगवण्यालाच यश मानतो, वहीत आकडा लिहितो आणि मंडळीला अहवाल वाचून दाखवतो. मार्काच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस बघा. येशूनं त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, काय करायचं ते स्पष्ट सांगितलं, आणि तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याला जाऊ दिलं. मागं कुणाला धाडलं नाही. आम्हाला हे जाऊ देणं जमत नाही.

आमच्याकडे आता शिबिरात रात्री आवाहन होत नाही. शेकोटीला गाणी, नाटुकली, हसणं, शेवटी एक छोटी प्रार्थना आणि झोप. ज्याला बोलायचं असेल त्यानं दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर, उजेडात, भरल्या पोटी, आपल्या गटप्रमुखाला गाठायचं. हात किती वर झाले ते आम्ही मोजत नाही. अहवालात फक्त मुलं किती आली आणि खर्च किती झाला एवढंच असतं. सुरुवातीला दोन-तीन वडीलधारे नाराज झाले. म्हणाले, "शिबिराला धार राहिली नाही." पण आता मुलं जास्त वेळ बोलतात आणि जास्त खोल बोलतात.

निरंजन_पुणे | ११ एप्रिल, रात्री ९:२०

पाळकसाहेब, मनापासून आभार. माझा विरोध निवासी शिबिराला नाही, त्या पद्धतीला आहे, हे तुमच्या उत्तरावरून मलाही स्पष्ट झालं.

जुना_नगरी | १२ एप्रिल, सकाळी ६:३०

मुलांनो, थोडं मागचंही सांगतो.

सुट्टीत मुलांना जमवून बायबल शिकवण्याची पद्धत बाहेरून आली. जोसाया स्पायर्स नावाच्या गृहस्थांनी १८६७ साली लंडनमध्ये मुलांसाठी वेगळ्या सभा सुरू केल्या. पुढच्या वर्षी वेल्समधल्या लँडुडनोच्या समुद्रकिनारी त्यांनी वाळूत 'देव प्रीती आहे' असं लिहिलं आणि मुलांनी शिंपले-गोटे लावून ती अक्षरं सजवली. यातूनच पुढं स्क्रिप्चर युनियन या मुलांना बायबल शिकवणाऱ्या संस्थेचं काम वाढलं. आपण जिला व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा म्हणतो, तिची मोठी सुरुवात १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी केली. रस्त्यावर फिरणारी मुलं आणि उन्हाळ्यात रिकाम्या पडलेल्या चर्चच्या इमारती, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या.

पण नगर जिल्ह्यात ही पद्धत पोहोचली तेव्हा इथली जमीन कोरी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ साली सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे आपलं नियतकालिक १८४२ पासून निघतंय. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग, ओव्या, पदं लिहून ख्रिस्ताला मराठी माणसाच्या ओठावर आणलं, आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तो याचसाठी, की ख्रिस्ताच्या मागं चालणाऱ्यांनी परक्या साच्यात अडकू नये. माझ्या लहानपणी शिबिरात संध्याकाळी ख्रिस्ती कीर्तन असायचं. झांजा, मृदंग, पेटी. कीर्तनकार बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं आख्यान लावायचे. बाप लांबून पोराला बघून धावत सुटतो तिथं आले की बायामाणसं पदरानं डोळे पुसायची, आम्ही पोरं मागं बसूनसुद्धा हुंदके द्यायचो. कुणी हात वर करायला सांगत नव्हतं.

आजच्या शिबिरात जातो तर मुलांना तीसेक हिंदी-इंग्रजी कोरस पाठ. टिळकांचं एक पद पूर्ण येत नाही. शेवगावकर, शिबिर निवासी ठेवा की हॉलमध्ये घ्या, पण 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक हातात न देता घेऊ नका. जे शब्द आपल्या मातीतून आले ते म्हातारपणी सोबत राहतात. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, अनुभवानं सांगतो.

एस्तेर_जालना | १२ एप्रिल, दुपारी ३:१०

आजोबा, सलाम. तुमचं खरं आहे, पण आमची बाजूही ऐका. आम्हाला ती पदं कुणी शिकवलीच नाहीत. पुस्तकात शब्द आहेत, चाल घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहे. मागच्या वर्षी मी माझ्या आजीकडून चार पदं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. आमच्यातला एक जण गिटार वाजवतो, त्यानं सूर शोधून काढले. शिबिरात ती म्हटली तेव्हा स्वयंपाकाला आलेल्या मावशी पोळ्या लाटायच्या थांबून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि गाऊ लागल्या. त्यांना सगळी कडवी पाठ होती.

मी वीस वर्षांची आहे. माझं मत निवासीच. पंचांना सांगा की आम्हाला शिबिरात काय मिळतं. माझ्या गावात आमची तीन घरं. शाळेच्या दाखल्यावर धर्म वेगळा लिहिलेला आहे आणि घरात रोज संध्याकाळी येशूची प्रार्थना होते. १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. शिखांना ती १९५६ साली मिळाली, बौद्धांना १९९० साली, आपल्याला नाही. म्हणून कित्येक घरांनी कागदावर जुना धर्म तसाच ठेवला. मी लहानपणापासून समजत होते की हे फक्त आमच्या घरातलं गुपित आहे, आणि आम्ही देवाशी काहीतरी चोरून वागतोय. शिबिरात गटचर्चेत एक मुलगी बोलली, मग दुसरी, मग आम्ही सगळ्याच. आमच्या गटात जवळजवळ प्रत्येकीच्या घरी तेच. कुणी आम्हाला झापलं नाही, कुणी उपदेश केला नाही. गटप्रमुख ताईंनी इतकंच सांगितलं की तुमच्या आजोबांनी दुष्काळात, बहिष्कारात विश्वास सोडला नाही, आणि तुमच्या आईवडिलांनी तुम्ही शिकावं म्हणून जे केलं ते प्रेमापोटी केलं, हे दोन्ही प्रभूला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून मला प्रार्थना करताना जड वाटत नाही. चर्चच्या हॉलमध्ये, माझ्या काकांच्या समोर, मी हे बोललेच नसते.

मीरा_मिरज | १२ एप्रिल, दुपारी ३:४०

एस्तेर, बाळा, फार धीरानं लिहिलंस.

नंदाखाल | १२ एप्रिल, रात्री १०:१५

वसईहून लिहितोय, आम्ही कॅथलिक. तुमचा धागा वाचून जाणवलं की आमचा प्रश्न बरोबर उलटा आहे. आमच्या गावात एकटेपणा नाही. शेजारी ख्रिस्ती, दुकानदार ख्रिस्ती, रविवारच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, उभं राहायला जागा नसते. त्यामुळे पोरांची श्रद्धा सवयीची होते. पहिलं ख्रिस्तशरीर, मग दृढीकरण, हे संस्कार झाले की मग लग्नापर्यंत चर्चला सुट्टी!

म्हणून आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) युवकांचं उन्हाळी शिबिर चर्चमध्ये होत नाही, पाड्यावर होतं. पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर जाऊन राहायचं, त्यांच्या घरात झोपायचं, ते खातील ते खायचं, सकाळी बांध घालायचं किंवा विहिरीतला गाळ उपसायचं काम, संध्याकाळी मिस्सा आणि गप्पा. तिथं प्रवचन देऊन कुणाला काही पटवायला आम्ही जात नाही. आमचीच पोरं मे महिन्यात बाया डोक्यावर हंडा घेऊन किती चालतात ते बघतात आणि परत आल्यावर त्यांना घरचा नळ सोडून ठेवायला लाज वाटते.

आमच्याकडे हे नवीन नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई संरक्षण समिती' उभी केली तेव्हा चर्चच्या अंगणातून माणसं रस्त्यावर आली होती, पाण्यासाठी आणि झाडांसाठी. २०२४ साली फादर गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला सर्व धर्मांची माणसं होती. श्रद्धा म्हणजे विहिरीच्या पाण्याबद्दलही बोलणं, हे आमच्या पिढीनं त्यांच्याकडून घेतलं. शेवगावकर, शिबिर निवासी करा, पण मुलांना फक्त ऐकायला बसवू नका. हाताला काम द्या.

कोल्हापूरकर | १२ एप्रिल, रात्री १०:३०

नंदाखालचे दादा, बाकी सगळं पटलं, पण पाड्यावर जाऊन येता तेव्हा घरी इंद्याल आणि फुगे हे तुमचे वसईचे पदार्थ वाट बघत असतात हे लपवू नका!

नंदाखाल | १२ एप्रिल, रात्री १०:३४

लपवत नाही. या एकदा, पोटभर खाऊ घालतो.

सुहासिनी | १३ एप्रिल, सकाळी ११:००

मी ख्रिस्ती नाही, या ग्रुपमध्ये मैत्रिणीमुळे आले. धागा एका बैठकीत वाचला. मी राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतून वाढले. १९४१ पासूनची ती परंपरा, साने गुरुजींच्या गोष्टी, समूहगान, श्रमदान, एका पंगतीत जेवण. कोणाच्या शेजारी कोण बसलं हे विचारायचं नाही, हा संस्कार आम्हाला घरी मिळाला नव्हता, शिबिरात मिळाला. म्हणून मुक्कामाच्या शिबिराचं मोल मला कळतं.

एक प्रश्न आहे, राग मानू नका. इतर धर्मांची मुलं तुमच्या शिबिरांना येतात का? आणि त्यांच्या घरच्यांना काय सांगता?

पाळक_विदर्भ | १३ एप्रिल, दुपारी १:२५

सुहासिनीताई, राग कशाचा, रास्त प्रश्न आहे. कधीकधी मैत्रिणीबरोबर मैत्रीण येऊ पाहते. आमचा नियम असा आहे की अठरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला, ख्रिस्ती असो वा नसो, पालकांच्या लेखी संमतीशिवाय घ्यायचं नाही. आणि शिबिरात रोज काय होतं, बायबल अभ्यास, प्रार्थना, गाणी, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आईवडिलांपासून लपवून मुलाला देवाकडे नेता येतं असं मी मानत नाही. "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख" ही आज्ञा इतर धर्मांच्या आईबापांनाही लागू आहे.

मीरा_मिरज | १३ एप्रिल, दुपारी २:१०

संमतीचा विषय निघालाच आहे तर सुरक्षेचंही बोलते, कारण यावर आपल्या मंडळ्यांत फार कमी बोलतात. "आपलीच माणसं आहेत" म्हणून सोडून देतात.

मुलींच्या झोपण्याच्या खोलीजवळ रात्रभर निदान दोन मोठ्या बायका. कुठल्याही मोठ्या माणसानं, तो पाळक असो की वक्ता, एका मुलाला किंवा मुलीला घेऊन बंद दाराआड समुपदेशन किंवा प्रार्थना करायची नाही. बोलायचं तर व्हरांड्यात, चार लोकांना दिसेल असं. प्रत्येक स्वयंसेवकाला ओळखणारं कुणीतरी मंडळीतलं हवं. आणि काही वावगं कळलं तर ते मंडळीची अब्रू म्हणून मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. शिबिराच्या पहिल्या तासात मुलांनाही सांगा की काही खटकलं तर कुणाकडे यायचं.

आणि हे सगळं हॉलमधल्या शिबिरालाही लागतंच. तेव्हा कमिटीत कुणी सुरक्षेचं कारण पुढं करून निवासी नको म्हणालं तर त्यांना विचारा, हॉलसाठी काय नियम केलेत?

राइनकाठी_मराठी | १३ एप्रिल, रात्री ११:५०

मी मूळचा हडपसरचा, आता जर्मनीत शिकतोय. मागच्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर फ्रान्समधल्या तेझेला एक आठवडा गेलो होतो. ब्रदर रॉजर १९४० साली त्या खेड्यात येऊन राहिले आणि युद्धात पळून आलेल्या लोकांना त्यांनी आसरा दिला. त्यातून प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक ब्रदरांचा एकत्र संघ उभा राहिला. आज उन्हाळ्यात जगभरातली हजारो तरुण मुलं तिथं आठवडा-आठवडा येऊन राहतात.

दिवसातून तीनदा घंटा वाजते आणि सगळे प्रार्थनेला जातात. भाषण नाही. एक-दोन ओळींचं गाणं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या भाषांत. आपल्या भजनात ध्रुपद घोळवतात ना, मला तेच आठवलं आणि घरची फार आठवण आली. मग बराच वेळ शांतता. हजारो तरुण जमिनीवर बसलेले आणि कुणी बोलत नाही. पहिल्या दिवशी मला चुळबूळ झाली, नंतर मी त्या शांततेची वाट बघू लागलो. जेवण अगदी साधं, चहा वाडग्यात. भांडी घासणं, जेवण वाढणं, संडास साफ करणं ही कामं आलेल्या मुलांमध्येच वाटून दिलेली. मला भांडी आली होती. पोलंडचा एक मुलगा, पोर्तुगालची एक मुलगी आणि मी, रोज दुपारी साबणात कोपरापर्यंत हात घालून येशूबद्दल बोलत होतो. व्याख्यानापेक्षा मला ते जास्त लक्षात आहे.

आणि महत्त्वाचं म्हणजे तिथले ब्रदर तुम्हाला तिथंच धरून ठेवत नाहीत. ते सांगतात, आता आपापल्या गावी, आपापल्या मंडळीत परत जा.

निरंजन_पुणे | १४ एप्रिल, सकाळी ९:०५

राइनकाठी, ही शांतता मला शिबिरात हवी होती. शेवगावकर, एक विनंती. दिवसातून अर्धा तास असा ठेवा की कुणी बोलणार नाही, गाणार नाही, मागं कीबोर्डही वाजणार नाही. मुलाला झाडाखाली एकटं बसू द्या. बायबल उघडेल किंवा नुसतं बसेल. नंतर "तुला काय मिळालं?" म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नका.

शेवगावकर | १४ एप्रिल, रात्री १०:२०

सगळ्यांचं वाचतोय, बायकोलाही वाचून दाखवतोय. उद्या एका जुन्या मित्राला घेऊन जागा बघायला जाणार आहे, झाडं आणि विहीर असलेली.

पंचांच्या प्रश्नावर माझं म्हणणं आता असं होतंय. पोरं जूनमध्ये दिसत नाहीत, कारण जूनमध्ये त्यांची वाट बघणारं कुणी नसतं. शिबिरात त्यांना नावानं हाक मारणारा गटप्रमुख असतो, घरी परतल्यावर मागच्या बाकावर बसायला सांगतात. तेव्हा मी बैठकीत असं मांडणार आहे की गट वयानुसार न करता गावानुसार करायचे, आणि प्रत्येक मंडळीनं आपला एक माणूस शिबिरात चारही दिवस द्यायचा. तो स्वयंपाकाला राहो, पाणी भरायला राहो, पण तो त्या मुलांबरोबर जाईल आणि त्यांच्याबरोबर परत येईल. मग जूनपासून उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या सणापर्यंत त्या गटाला मंडळीत काम द्यायचं. शब्बाथशाळा (मुलांची रविवारची शाळा), आजाऱ्यांच्या भेटी, महिन्यातून एक उपासना.

पाळक_विदर्भ | १४ एप्रिल, रात्री १०:५५

बहुतेक पटलं. एका ठिकाणी थांबवतो. "काम द्यायचं" म्हणता म्हणता आमच्या मंडळ्या पोरांना खुर्च्या मांडायला, मंडप बांधायला आणि नाताळचा तारा चढवायला लावतात, आणि निर्णय मात्र साठीच्या पुढची माणसं घेतात. तरुण संघाचे दोघं कमिटीत घ्या, त्यातली एक मुलगी. आणि त्यांना मत द्यायचा हक्क द्या. नुसतं बोलावून ऐकवू नका. शिबिराचा विषय ज्या बैठकीत होणार आहे त्या बैठकीला तुमच्या गावातलं एक तरी शिबिरार्थी असणार आहे का?

एस्तेर_जालना | १४ एप्रिल, रात्री ११:०२

हेच! मी हेच लिहायला आले होते. आमच्याबद्दल बैठक आणि आम्ही बाहेर चहा देतोय.

शेवगावकर | १४ एप्रिल, रात्री ११:१५

दोघांना बोलावतो. सेक्रेटरींना आत्ताच फोन केला, ते तयार आहेत.

जुना_नगरी | १५ एप्रिल, सकाळी ६:१०

शेवगावकर, तुमचं शिबिर आमच्यापासून फार लांब नाही. एस्तेरचं वाचून मन भरून आलं. चाल म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे म्हणते, तर म्हाताऱ्यांनी जायला हवं. मला दोन दिवस येऊ द्या. सकाळी एक पद, संध्याकाळी एक पद शिकवीन. गिटारवाल्या मुलालाही बसवा, मी त्याला ताल सांगीन, तो मला सूर सांगेल. पेटी माझी मी आणतो. गुडघ्यामुळे खालचं अंथरूण जमत नाही, एक खाट तेवढी बघा.

कोल्हापूरकर | १५ एप्रिल, रात्री ९:३०

सविस्तर लिहितो म्हणालो होतो.

आमच्या शिबिरात एक डॉक्टर यायचे. दिवसा पोरांच्या पायातले काटे काढायचे, आणि रात्री सगळे झोपले की मागं हौदापाशी बसून मोठी पातेली घासायचे. आम्ही दोघं-तिघं लघवीला उठलो तेव्हा बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पण गेलो. त्यांनी काय सांगितलं नाही, राख पुढं सरकवली. त्या हौदापाशी आमची जी पाच-सहा जणांची टोळी जमली ती आजवर टिकली.

माझे वडील गेले तेव्हा पावसाळा होता. गावात आपली घरं पाच. दफनभूमीवरून गावात आधीच तणातणी, आणि आपल्यात कबर आपणच खणायची असते. भाऊकीतली माणसं म्हातारी, मी एकटा. रात्री एकाला फोन केला. पहाटे बघतो तर टोळी हजर. एक सांगलीहून, एक गडहिंग्लजहून, दोघं इचलकरंजीहून मोटारसायकलवर भिजत आलेले. फावडी त्यांनीच घेतली. चिखलात कबर खणली, पाणी उपसलं, वरून ताडपत्री धरून उभे राहिले. पाळकसाहेबांना यायला उशीर झाला तर तोवर त्यांनीच स्तोत्र २३ म्हटलं. गावातली चार माणसं लांबून बघत होती, त्यातले दोघं पुढं आले आणि माती लोटायला लागले.

या टोळीतले दोघं नियमानं चर्चला येत नाहीत, खरं तेच सांगतो. तुमच्या पंचांच्या वहीत ते गैरहजर लागतील. पण माझ्या बापाच्या कबरीवर ते उभे होते आणि त्यांना प्रार्थना येत होती. शेवगावकर, हे बैठकीत वाचून दाखवायचं तर दाखवा, माझं नाव न घेता.

शेवगावकर | १५ एप्रिल, रात्री १०:१०

दादा, वाचून दाखवणार.

जागा बघून आलो. चिंचेची मोठी झाडं आहेत, विहिरीला पाणी आहे, मुलींसाठी वेगळी खोली आणि तिला आतून कडी आहे. संडास दोनच आहेत, दोन भाड्यानं आणावे लागतील. आजोबांसाठी खाट मिळाली. मोठी पातेली आणि सतरंज्या मंडळीच्या आहेत. मीराताई, औषधांच्या पेटीत काय काय ठेवू?

मीरा_मिरज | १५ एप्रिल, रात्री १०:४०

ओआरएसची पाकिटं भरपूर, पॅरासिटामॉल, जंतुनाशक, पट्ट्या, विंचूकाट्यासाठी जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर. मुलींच्या खोलीत सॅनिटरी पॅड, न मागता हाताशी येतील असे ठेवा. कोणाला दमा, फिट, कसली अॅलर्जी आहे ते संमतीपत्रावरच लिहून घ्या. पिण्याचं पाणी उकळून. आणि दुपारी बारा ते चार एकही खेळ उन्हात नको, ती वेळ गटचर्चेला आणि झोपेला ठेवा. मी रजा टाकून बघते. मिळाली तर मुलींच्या खोलीपाशी मुक्कामाला येते, सोबत आणखी एक नर्स आणते.